नाशिकमधील एका बालवाडीचा दोन वर्षांचा अनुभव

माझी मुलगी जून २०२३ पासून एप्रिल २०२५ पर्यंत नाशिकमधील एका छोट्या बालवाडीत जात होती. त्या दोन वर्षांचा हा अभिप्राय आहे. तिथे एकूण चाळीसच मुले घेतली जातात आणि प्रवेशासाठी आधीच रांग असते, त्यामुळे नाव लिहू नये अशी विनंती तेथील मोठ्या ताईंनी केली आणि मी ती पाळते आहे. नावाशिवायही हे लिहिणे उपयोगी पडेल असे मला वाटते, कारण ‘खेळातून शिक्षण’ अशी पाटी लावलेल्या ठिकाणी मूल घालण्यापूर्वी नेमके काय पाहावे आणि काय विचारावे, हे मला फार उशिरा कळले.

प्रवेश घेताना आम्हा घरच्यांच्या मनात खेळाविषयी आणि शिकण्याविषयी काही पक्क्या समजुती होत्या. मी खेळाच्या विरोधात मुळीच नव्हते, परंतु ‘आधी अभ्यास, मग खेळ’ हे वाक्य ऐकत मी मोठी झाले आणि त्यामुळे अभ्यास पुरा झाल्यावर मिळणारी सवलत म्हणजे खेळ, हीच माझी कल्पना होती. माझ्या सासूबाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत अनेक वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला. पेन्सिल धरता येणारे आणि मुळाक्षरे ओळखणारे मूल पहिलीत आले की त्याचे वर्ष सोपे जाते, हे त्यांचे मत अनुभवातून आलेले होते. माझे यजमान निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरातले. सहा वर्षांपर्यंत ते रानात मनसोक्त खेळले, पण पुढे महाविद्यालयात इंग्रजीने त्यांना फार छळले, आणि आपल्या मुलीची सुरुवात उशिरा होऊ नये ही त्यांची तळमळ त्या छळातून आलेली होती. पालकांच्या अशा समजुतींना अडाणीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण प्रत्येक समजुतीमागे कोणाचे तरी आयुष्य असते. ही बालवाडी मला आवडली याचे पहिले कारण हेच, की तिथे या समजुतींची कोणी टिंगल केली नाही आणि त्या आहेत तशा सोडूनही दिल्या नाहीत.

शाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातल्या एका रविवारी, नव्या पालकांची सभा झाली. शुल्क आणि नियम यांची माहिती दहा मिनिटांत संपली. मग प्रत्येकाला एक कागद देण्यात आला आणि पाच वर्षांचे असताना आपण काय खेळत होतो, कुठे, कोणाबरोबर, आणि तेव्हा मोठी माणसे कुठे होती, एवढे लिहायला सांगण्यात आले. सागरगोटे, लगोरी, विटीदांडू, भातुकली, पोळ्याला केलेले मातीचे बैल, उसाच्या पाचटात बांधलेली घरे असे कितीतरी त्या कागदांवर उतरले. त्यानंतर ताईंनी एकेक खेळ घेऊन, तो खेळताना काय काय जमावे लागत होते, हे आमच्याकडूनच काढून घेतले. सागरगोट्यांत एक वर उडवून तो खाली येईपर्यंत दोन उचलायचे, तर नजर, हात आणि मोजणी यांचा मेळ घालावा लागतो. लगोरीत फुटलेला डाव पुन्हा रचायचा, तर कोणता चपटा दगड खाली आणि कोणता वर हे ठरवावे लागते. भातुकलीत कोण आई आणि कोण पाहुणा यावर आधी बोलणी होतात, आणि ती फिसकटली तर खेळच मोडतो, म्हणून माघारही घ्यावी लागते. खेळाविषयी एवढे नेमकेपणाने बोलताना मी त्यापूर्वी कोणालाही ऐकले नव्हते.

जागा साधी आहे. तीन खोल्या, एक पडवी, पुढे कडुनिंबाचे झाड असलेले अंगण, वाळूचा हौद आणि मुलांच्या उंचीला लावलेले दोन नळ. चार ताई आणि दोन मावशी आहेत. छोटा शिशु आणि मोठा शिशु यांचे वर्ग वेगळे नाहीत, साडेतीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात. वेळ सकाळी नऊ ते साडेबारा. पहिला सव्वा तास मोकळ्या खेळाचा असतो आणि त्यात कुठे खेळायचे ते मूल ठरवते. मग गोलात बसून गाणी, गोष्ट, गप्पा, त्यानंतर खाऊ, त्यानंतर अंगण. शेवटचा पाऊण तास ताईंनी योजलेल्या कामाचा, ज्यात मणी ओवणे, कणकेचे गोळे वळणे, ठसेकाम, चिकटकाम, चवळी, राजमा आणि वाल वेगळे करणे अशी कामे येतात. गणवेश नाही, दप्तर नाही, मात्र एक जोड जास्तीचे कपडे रोज द्यावे लागतात आणि ते रोज लागतातच.

मी सर्वांत अधिक जिच्याविषयी लिहू इच्छिते ती गोष्ट म्हणजे ‘निरीक्षण तास’. प्रत्येक पालकाने सत्रातून दोन वेळा सकाळी तासभर वर्गाच्या कोपऱ्यात बसायचे, एका वहीत दिसेल ते लिहायचे, आणि कोणत्याही मुलाला काही सुचवायचे नाही, शाबासकी द्यायची नाही, मदतही करायची नाही, असा नियम आहे. तास संपल्यावर एक ताई पंधरा मिनिटे आपल्याबरोबर बसतात आणि वही वाचतात. माझ्या पहिल्या वहीत ‘मुलगी ठोकळे खेळली, चाळीस मिनिटे’ एवढेच होते. ताईंनी विचारले, ‘चाळीस मिनिटे ती नेमके काय करत होती?’ मला सांगता आले नाही. दुसऱ्या वेळी मी बारकाईने पाहिले. तिला ठोकळ्यांचा पूल करायचा होता आणि वरची लांब फळी खांबांना पुरत नव्हती. तिने प्रथम जोर लावून फळी बसवून पाहिली, मग एक खांब जवळ सरकवला, तेव्हा खालून जायची गाडी अडकू लागली. मग तिने दोन छोट्या फळ्या आणून मध्ये तिसरा खांब उभा केला. तो बुटका पडला, त्यावर तिने एक चपटा ठोकळा ठेवला, तरी थोडी फट राहिली, तेव्हा तो काढून दोन पातळ ठोकळे ठेवून पाहिले आणि फळी बसली. शेजारच्या मुलाने मध्येच एक खांब उचलून नेला, त्यावरून वाद झाला, आणि अखेरीस पुलाचा टोलनाका त्या मुलाचा, असे ठरले. लांबी, उंची, समतोल, एक जाड म्हणजे दोन पातळ नव्हे हा शोध आणि भांडण मिटवण्याची भाषा, हे सगळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आणि पहिल्या वेळीही ते माझ्यासमोर घडतच असणार. मी ते फक्त ‘ठोकळे खेळली’ असे लिहून मोकळी झाले होते.

एका तासात पालकाची समजूत बदलते असे मी म्हणणार नाही. पण घरी मुलगी वाटीतले पाणी पेल्यात आणि पेल्यातले पाणी पुन्हा वाटीत ओतत बसली की मी पूर्वी ते काढून घेत असे, ते मी थांबवले, आणि ओट्याखाली एक परात ठेवली. शिवाय ‘आज काय शिकलीस?’ हा प्रश्न विचारणेही मी बंद केले. त्या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसे आणि उत्तर नसले की मला काळजी वाटे. आता ‘आज कोणाबरोबर काय केलेस?’ असे विचारले की ती बोलायची थांबत नाही.

तिथल्या साधनांविषयीही लिहायला हवे. कपाटांत विकतचे फार थोडे आहे. गुंजा, सागरगोटे, चिंचोके, शंख, नदीतले गोटे, नारळाच्या करवंट्या, जुने कुलूप-किल्ल्या, सुताराकडून कापून घेतलेले ठोकळे आणि साड्यांचे तुकडे, एवढेच. लहान वस्तूंचे डबे वरच्या फळीवर असतात आणि ताई शेजारी बसल्याशिवाय ते खाली येत नाहीत. विशेषतः गुंजा विषारी असल्याने त्या बंद काचेच्या बरणीत फक्त पाहण्यासाठी ठेवलेल्या आहेत. मोठ्या ताईंच्या टेबलामागे महाराष्ट्रात बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची छायाचित्रे आहेत, आणि ती शोभेसाठी लावलेली नाहीत हे कपाटे पाहून समजते. गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. मारिया मोंटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलेल्या पद्धतीतून त्यांनी पुष्कळ घेतले, पण तिची महागडी साधने खेड्यापाड्यांत परवडणारी नव्हती, म्हणून १९४५ नंतर डहाणू भागातील बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताईंनी पाने, बिया, दगड, शिंपले यांतून साधने घडवली. बालवाडीत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या अंगणात जाऊन वर्ग भरवला, त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला, आणि गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. खेळातून शिकणे ही परदेशातून नुकतीच आलेली चैन आहे, असे आमच्या इमारतीतील काही पालक म्हणतात. त्यांनी हा इतिहास ऐकावा असे मला मनापासून वाटते.

पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मात्र परीक्षेचा प्रसंग आला. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणारी तेवढ्याच वयाची मुले शंभरपर्यंत अंक लिहीत होती आणि आमची मुले चिखलाने माखून घरी येत होती. दहा-बारा पालकांनी मिळून, निदान आठवड्यातून तीन दिवस तरी लेखनाचा गृहपाठ द्यावा, असे पत्र दिले. त्या पत्रावर माझी सही होती. ताईंनी एका शनिवारी सर्वांना बोलावले आणि प्रथम पत्रातील प्रत्येक मुद्दा फळ्यावर लिहून काढला. मग आम्हा प्रत्येकाला डाव्या हातात पेन्सिल देऊन एक पान मुळाक्षरे लिहायला लावली. पाच मिनिटांत मनगट दुखू लागले. या वयात मुलांच्या मनगटाची सगळी हाडे पक्की झालेली नसतात आणि बोटांचे लहान स्नायूही तयार होत असतात, म्हणून आधी मणी, कणीक, चिमटे, कात्री आणि झाडावर लोंबकळणे, आणि मग पेन्सिल, हा क्रम त्यांनी समजावला. शंभरपर्यंत अंक लिहिणारे मूल ‘सात गोटे दे’ म्हटल्यावर सात मोजून देते का, हे आपापल्या घरी पाहावे असेही सुचवले. मी शेजारच्या मुलाला विचारले नाही, ते योग्य झाले नसते. पण माझ्या मुलीला विचारले, आणि तिने सात मोजून दिले, वर ‘आणखी तीन दिले की दहा होतील’ असे स्वतःहून सांगितले.

गृहपाठ त्यांनी दिला नाही. पण पत्रातली एक मागणी त्यांना पटली आणि त्यांनी ती मान्य केली. मोठ्या शिशूच्या वयाच्या मुलांसाठी जानेवारीपासून अक्षरओळखीचे काम त्यांनी वाढवले: नावाच्या पट्ट्या, खाऊच्या डब्यांवरची नावे, ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधणे, यमक जुळवणे, मुलाने सांगितलेली गोष्ट ताईंनी त्याच्यासमोर त्याच्याच शब्दांत लिहून पुन्हा वाचून दाखवणे. खेळ की शिक्षण, असे दोन पक्ष पाडणे मला त्यानंतर निरर्थक वाटू लागले. मुलाला पूर्ण मोकळे सोडणे आणि त्याला बाकावर बसवून गिरवायला लावणे यांच्या मध्ये खूप मोठी जागा आहे आणि कसलेल्या ताई त्या जागेत काम करतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला आहे आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्या स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या केंद्रस्थानीही खेळच आहे, हे त्या सभेत सांगितले गेले. परंतु खरे सांगायचे तर धोरणाच्या उल्लेखाने कोणाही पालकाची भीती गेली नाही. ती गेली असेल तर मनगटाने गेली.

सासूबाईंची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना निरीक्षण तासाला जाता येत नव्हते, कारण तो फक्त आईवडिलांसाठी आहे. पण दुसऱ्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास आजी-आजोबांसाठी एक सकाळ ठेवली होती, तेव्हा त्या गेल्या. पडवीत लाकडी ताटांमध्ये बारीक रेती पसरलेली होती आणि मुले बोटाने तीत रेघा, वाटोळी आणि काही जण अक्षरे काढत होती. सासूबाई तिथेच बसल्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना धूळपाटीवर अक्षरे शिकवली होती, आणि पुढे स्वतः शिक्षिका झाल्यावर पाटी, वही, अंकलिपी या सगळ्यांत ती धूळपाटी कुठे मागे पडली ते त्यांना आठवेना. त्या दिवसापासून त्यांनी घरी गिरवण्याची सक्ती सोडली. अंकलिपी मात्र त्यांनी सोडली नाही, रोज संध्याकाळी तिच्यातली चित्रे दाखवून त्या नातीला गोष्टी सांगतात, आणि मला त्यात काहीही गैर दिसत नाही.

आता उणिवा. त्या किरकोळ नाहीत. पहिली उणीव जागेची आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अंगण कित्येक दिवस वापरता येत नाही आणि चाळीस मुले तीन खोल्यांत मावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी, त्यातील किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार असावी. पावसाळ्यात या बालवाडीचा वाटा त्यात फारच कमी पडतो. दुसरी उणीव वाळूच्या हौदाची. पहिल्या वर्षी त्यावर झाकण नव्हते आणि रात्री मांजरे तिथे घाण करत. पालकांनी दोनदा सांगितल्यावर, म्हणजे जवळजवळ दीड महिन्यानंतर, ताडपत्री आली आणि वाळू बदलली गेली. आरोग्याच्या बाबतीत एवढा उशीर मला मान्य नाही. चिखलात खेळल्याने मूल आजारी पडते असे मानणाऱ्या पालकांची समजूत घालणाऱ्या संस्थेने तर याविषयी अधिकच दक्ष राहायला हवे होते.

तिसरी तक्रार वेळेची. निरीक्षण तास फक्त सकाळी साडेनऊला असतो. मी बँकेत नोकरी करते, त्यामुळे दर वेळी मला अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी लागली, आणि रोजंदारीवर किंवा पाळीत काम करणाऱ्या पालकांना तर ते शक्यच झाले नाही. परिणाम असा, की ज्या घरांत शिक्षणाविषयीची भीती सर्वांत खोल आहे त्याच घरांपर्यंत ही उत्तम योजना पोहोचत नाही. वडिलांची हजेरीही नगण्य होती. दोन वर्षांत माझे यजमान एकदाच जाऊ शकले, आणि त्या एका तासाविषयी ते अजून बोलतात. मुलांच्या खेळाची एखादी छोटी ध्वनिचित्रफीत दाखवून शनिवारी संध्याकाळी चर्चा ठेवता येईल, असे मी लेखी सुचवले आहे. वार्षिक शुल्क ४८,००० रुपये होते, ते हप्त्यांनी भरता येते, पण सवलतीच्या जागा अवघ्या चार आहेत.

चौथी उणीव पुढच्या शाळेविषयीची. पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाचणी अथवा मुलाखत घेण्यास शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १३ नुसार मनाई आहे. तरीही आम्ही ज्या एका शाळेत चौकशीला गेलो तिथे ‘सहज गप्पा’ म्हणून मुलीला इंग्रजी अक्षरे विचारली गेली. असे घडू शकते, आणि घडल्यास पालकांनी काय म्हणावे, हे बालवाडीने आधी सांगायला हवे होते. मोठ्या ताईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतले, आणि या वर्षीच्या पालकसभेत हा विषय घेतल्याचे मला कळले आहे.

मुलगी जून २०२५ मध्ये मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीत गेली. सुरुवातीचे दोन-अडीच महिने तिचे लेखन वर्गातील इतर मुलांपेक्षा हळू होते आणि फळ्यावरचे उतरवून घ्यायला ती मागे राहत असे. आम्हाला त्याची काळजी वाटली. दिवाळीपर्यंत तो फरक जवळजवळ राहिला नाही. वाचनाची गोडी, प्रश्न विचारण्याचा धीटपणा आणि जमले नाही तरी पुन्हा करून पाहण्याची सवय यांचा उल्लेख तिच्या वर्गशिक्षिकेने आपणहून केला. एका मुलीवरून कोणतीही पद्धत सिद्ध होत नाही हे मी जाणते. तिच्याच बालवाडीतल्या दुसऱ्या एका मुलाला पहिलीत बसून राहणे फार जड गेले आणि त्याच्या आईचे मत माझ्यापेक्षा बरेच वेगळे आहे.

ज्यांना भेट द्यायची असेल त्यांनी कोणत्याही बालवाडीत मोकळ्या खेळाच्या वेळी जावे, शक्य असल्यास पावसाळ्यात जावे. भिंतींवरची चित्रे सगळी एकसारखी आहेत की प्रत्येक मुलाची वेगळी, दोन मुले भांडली तर ताई किती वेळ थांबून पाहतात, साधने मुलांच्या हाताला येतात की कपाटात कुलूपबंद असतात, आणि ‘आमचे मूल काय शिकते?’ या प्रश्नाला ताई मुलाच्या एखाद्या प्रत्यक्ष कृतीने उत्तर देतात की पुस्तकातल्या वाक्याने, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आमच्या धाकट्या मुलासाठी आम्ही याच बालवाडीत अर्ज केला आहे. अर्जात निरीक्षण तासाला कोण येणार असा रकाना असतो, आणि त्यात या वेळी त्याच्या बाबांनी स्वतःचे नाव लिहिले आहे. वाळूच्या हौदावर ताडपत्री आहे हे मी अर्ज देताना पाहून आले.